थांबलेला ठोका

१

सकाळी सकाळी पाण्यावर चांदणं सांडल्यासारखं दिसलं. माळ्याने हातातली झारी खाली ठेवली आणि तो काठाशी गेला. ते मासे होते. कालव्याच्या लांबच्या फाट्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पोटं वर करून पसरलेले. बोटाएवढे, हाताएवढे, एखादा तर तान्ह्या पोराएवढा. माशाला पापणी नसते. मेला तरी तो बघत राहतो. एवढे सगळे डोळे आपल्यावरच लागलेत असं माळ्याला वाटलं आणि तो असा ओरडला की फाट्यावरची सगळी घरं खिडक्यांत आली.

वसाहत समुद्राला पाठ टेकून बसली होती. पूर्वी तिथे दलदल होती. ती उपसून तळं केलं, तळ्याला कालवे फोडले, कालव्यांच्या काठाने घरं उभी राहिली आणि प्रत्येक घराच्या मागच्या पायरीला एकेक होडी आली. पण बांधलेलं पाणी जिवंत ठेवायचं तर त्याला हलतं ठेवावं लागतं. म्हणून समुद्राच्या भिंतीत दोन दारं होती, एका टोकाला येणारं दार, दुसऱ्या टोकाला जाणारं दार. दोन्हींना वरून टांगलेली जाड लाकडी झडप. भरती आली की येणाऱ्या दाराची झडप आत उघडायची आणि जाणाऱ्याची गच्च मिटायची. ओहोटी लागली की याच्या उलट. समुद्र एका दाराने पाहुण्यासारखा आत यायचा, सगळ्या कालव्यांतून फिरून दुसऱ्या दाराने निघून जायचा. माणसाने फक्त दारांवर लक्ष ठेवायचं. ते काम तात्यांचं.

"विष!" कॅप्टन म्हणाले. कॅप्टन म्हणजे वसाहतीचे अध्यक्ष. आयुष्यभर त्यांनी लोकांचे दात काढले होते आणि होडीत बसलं की त्यांना मळमळायचं. पण डोक्यावरची टोपी पांढरी होती, म्हणून कॅप्टन. "कुणीतरी विष ओतलंय, नाहीतर दारवान झोपा काढत होता. संध्याकाळी सभा! हा फाटा मातीने बुजवून टाकू. आणि तात्यांनी खोली रिकामी करायची."

सगळे तात्यांकडे वळले. तात्यांनी हसून मान डोलावली, जणू कुणी त्यांना हवापाण्याचं विचारलं होतं. त्या हसण्याने लोक आणखीच बिथरले.

"सरका, सरका. धाकटी आली."

धाकटी खाडीपलीकडच्या शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कॅप्टनचा फोन आला आणि ती मिळेल त्या गाडीने निघाली. याच वसाहतीत ती वाढली. घरात दोघं होती, दादा आणि ती. दादा याच पाण्यात गेला, पुन्हा मिळाला नाही. थोरला उरला नाही तरी ती मात्र सगळ्यांची धाकटीच राहिली.

तिने आधी तात्यांकडे पाहिलं. वडील नव्हते तेव्हा याच माणसाच्या खांद्यावर बसून तिने हे तळं पाहिलं होतं. येणाऱ्या दाराजवळची ती एवढीशी खोली सोडली तर तात्यांना जगात डोकं टेकायला जागा नव्हती. संध्याकाळच्या आत हे कोडं सुटलं नाही, तर म्हातारपणी वळकटी काखेत मारून ते कुठे जाणार?

"सभेपर्यंत कुणी मातीचं नाव काढू नका," ती म्हणाली, आणि रंगाऱ्याची होडी मागून घेऊन फाट्याच्या मधोमध गेली.

वरचं पाणी ओंजळीत घेतलं, गढूळ होतं. मग तिने दोरीने तळाची बाटली सोडली. ही बाटली तोंड उघडं ठेवून खाली जाते आणि वरून वजन सोडलं की तिथलंच पाणी पोटात घेऊन मिटते. ती वर आली तेव्हा आतलं पाणी शाईसारखं काळं होतं. झाकण उघडताच नासक्या अंड्यांचा भपकारा आला आणि काठावरच्या बायकांनी पदर, रुमाल, जे हाती लागलं ते नाकाला लावलं.

"बघा! विषच!" कॅप्टन.

"विषच आहे, काका. पण ते कुणी ओतलेलं नाही." धाकटीने बाटली उजेडात धरली. "हे इथेच शिजलंय. झाकण ठेवून, मंद आचेवर, बरेच दिवस. झाकण कुणी ठेवलं ते शोधायला हवं."

२

पहिला संशय रंगाऱ्यावर होता. होड्यांच्या तळाला तो तांब्याचा रंग लावायचा. त्या रंगाच्या वासानेही शिंपले धरत नाहीत.

"मीच मारले म्हणतात ना?" धाकटी त्याच्या होड्या उतरवायच्या उतरणीवर पोचली तेव्हा तो ब्रश धूत होता. "म्हणू दे. कॅप्टनचा दात दुखला तरी माझ्याच रंगाने दुखतो."

"धुतलेलं पाणी कुठे टाकता?"

"पिंपात. तुझ्या तात्यांनी दम भरलाय. एक थेंब सांडला तर मलाच रंगवतील म्हणे."

ती खाली वाकली. उतरणीच्या दगडावर शिंपले होते, आणि शिंपल्यांच्या फटीतून एक चिमुकला खेकडा तिच्याकडे रागाने बघत होता. विष इथून गेलं असतं तर पहिला बळी हाच. इथे, येणाऱ्या दाराजवळ, सगळं जिवंत होतं. मरण फक्त लांबच्या फाट्यात होतं, दोन्ही दारांपासून सारखंच दूर.

"शिडाचं कापड पुष्कळ दिसतंय," ती उठता उठता म्हणाली. कोपऱ्यात जाडजूड कापडाचा गठ्ठा होता.

"तुझ्या आईसाठीच आणतो. होड्यांच्या गाद्या, लोड, सगळं तीच तर शिवते. माझ्या हाताला सुई म्हणजे माकडाच्या हातात आरसा."

माळी खत टाकतो अशी दुसरी बोंब होती. माळी आधीच रडकुंडीला आला होता. "ताई, हिरवळ तर करपून गेली. पाऊस नाही, खत कशाला घालू? आणि खत वाहिलं असतं तर पाणी शेवाळाने हिरवंगार झालं असतं की नाही? हे काळं आहे." तो थांबला. "सकाळी ते सगळे माझ्याकडे बघत होते, ताई. मासे."

"त्यांना कुठे दिसतंय आता?"

"म्हणूनच तर."

फाट्याच्या अगदी टोकाला कॅप्टनचं घर होतं. काकूंनी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "तुला एक दाखवते. यांना सांगू नको, हे हसतात." त्यांनी कपाटातून चांदीची फुलदाणी काढली. ती काजळ फासल्यासारखी काळी होती. वाट्या काळ्या, चमचे काळे, लग्नातल्या फोटोची चौकटही काळी.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. घासते, पुन्हा काळी. मी म्हटलं, घरात काहीतरी वावरतंय." काकू जवळ सरकल्या. "आणि गंमत बघ, त्याच सुमाराला तुझा दादा शांत झाला."

धाकटीने फुलदाणी खाली ठेवली.

"तो ठोका गं. दिवसा आम्हीच एकमेकांना सांगायचो, झडप वाजते, झडप वाजते. पण दिवे लागले की पाण्यावरून तो आवाज असा यायचा, ठक, ठक ठक, की वाटायचं पोर दारोदार फिरतंय, कुणीतरी उघडा म्हणतंय. आता नाही येत. सुटला बिचारा." काकूंनी डोळे टिपले. "बरं वाटलं ना तुला?"

धाकटीला खरंच बरं वाटलं होतं. त्या आवाजापायी उशीखाली डोकं घालून तिने अर्धं बालपण काढलं होतं. म्हणून काकू काय बोलून गेल्या ते तिने कानाआड केलं आणि चांदीचाच विचार धरून ठेवला. जो वायू तळाच्या बाटलीतून आला, तोच चांदी काळी करतो. म्हणजे मासे आज मेले, पण पाणी केव्हापासूनच मरत होतं.

मग पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला ते कसं कळलं नाही?

३

तात्यांची खोली होडीतल्या खोलीसारखी होती, हात पसरले की दोन्ही भिंती. खिडकीतून येणारं दार दिसायचं आणि तळ्यापलीकडे, दूर, जाणाऱ्या दाराची काळी चौकट. त्या चौकटीशेजारचं घर धाकटीचं.

"बस. चहा टाकतो," तात्या म्हणाले. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, लहानपणी ती खोटं बोलली की बघायचे तसे.

"तात्या, दोन्ही झडपा नीट मिटतात?"

"मिटतात की. रोज बघतो."

"इथून? जाणारं दार इथून कसं दिसतं नीट?"

"बघायचं कशाला? ऐकायचं." त्यांनी छातीवर बोटं वाजवली. "हेच तर दारवानाचं काम. ओहोटी लागली की इथल्या हिचा ठोका, भरती लागली की पलीकडच्या तिचा. दोन ठोके कानावर आले की तळं सुखी. माझ्या आधीचा दारवान हेच करायचा, त्याच्या आधीचाही."

"आणि तिचा ठोका ऐकू येतो?"

"येतो की. कालही आला. परवाही."

काकू म्हणाल्या ठोका बंद आहे, आणि तात्या म्हणतात कालही आला. तात्या तोवर वळून चुलीशी भांडं ठेवू लागले होते. ती त्यांच्या पाठीला हळूच म्हणाली, "तात्या, तुम्ही माझ्याशी खोटं का बोलता?"

पाठ हलली नाही. तात्यांनी चहात साखर घातली, ढवळली, गाळली, आणि वळून कप पुढे केला, चेहरा तोच, मायेचा, सुरकुत्यांचा. जणू तिने काही विचारलंच नव्हतं.

तिने चहा घेतला. न पिताच तो खिडकीत ठेवला. जन्मात ज्याने कधी नजर चुकवली नाही, तो माणूस एका प्रश्नाला उत्तरही देत नव्हता.

४

आई खिडकीशी बसून शिवत होती. मांडीवर शिडाच्या कापडाचा जाड पट्टा, बोटात अंगुस्तान, सुई वर जायची तेव्हा उन्हात चमकायची. आई गुणगुणत होती:

*पाणी येतं, पाणी जातं, त्याला दोन दोन दारं,*
*माझ्या एकाच दाराशी थांबलेलं सारं वारं.*

"आलीस? तोंड कसं उतरलंय बघ. खाऊन घे आधी, मग पकड चोर."

धाकटीने आईकडे पाहिलं आणि तिला नवल वाटलं. आईच्या डोळ्यांखालची वर्षानुवर्षांची काळी वर्तुळं फिकी पडली होती.

"झोप लागते का गं तुला आता?"

"लागते. गाढ."

"मध्येच उठत नाहीस?"

"नाही उठत." आईने दोरा दातांनी तोडला. "आता उठावं नाही लागत."

दादा गेला त्या दिवसापासून आई उठायची. दिवसा, रात्री, जेवताना, तापात फणफणत असताना. ठोका वाजला की उठायची, कडी काढायची, दार उघडून बाहेर बघायची, आणि पुन्हा लावून यायची. धाकटीने तिला कितीदा समजावलं होतं की ती झडप आहे गं आई. आई म्हणायची, मला ठाऊक आहे. आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा उठायची.

आता आई झोपत होती. धाकटीला वाटलं, हिच्या कुशीत डोकं घालून आपणही झोपावं, मासे गेले खड्ड्यात. ती खिडकीला टेकली. बाहेर ओहोटी तळाला पोचली होती. समुद्र लांब गेला होता, आणि आता कडेकडेने, चोरपावलांनी परत येत होता. भिंतीच्या पायाशी पहिली लाट आली. दुसरी आली. भरती लागली.

आता ठोका वाजायचा.

तिने श्वास रोखला. लाट आली, गेली. लाट आली, गेली. भिंतीवर बसलेला बगळा हलला नाही. आईची सुई वर गेली, खाली आली.

काहीच वाजलं नाही.

आणि त्या शांततेत, जी इतके दिवस सगळ्यांनी सुटका म्हणून उशाला घेतली होती, धाकटी ताडकन उठली. काय वेडी मी! मुलगा शांत झाला म्हणून सगळी वसाहत डोळे पुसत होती, आणि ती स्वतः, पाण्याचं शिकलेली, तीही आधी त्याच सुखात आणि मग तात्यांच्या खोट्यात बुडून गेली होती. ठोका भुताचा नव्हताच. झडप मिटल्याचा होता. ठोका नाही, म्हणजे झडप मिटत नाही.

ती अनवाणीच बाहेर पळाली. जाणाऱ्या दाराच्या कठड्यावरून तिने लाकडाची तळहाताएवढी ढलपी समुद्राच्या बाजूला टाकली. ढलपी क्षणभर गिरकी घेत राहिली. मग हळूच, कुणी बोट धरून नेल्यासारखी, जाणाऱ्या दारातून आत शिरली.

जिथून फक्त जायचं, तिथून समुद्र आत येत होता.

५

तिची हाक ऐकून आधी रंगारी आला, मग माळी, मग टोपी सावरत कॅप्टन, मागून अर्धी वसाहत. तात्याही आले आणि सवयीने कठड्याशी, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

धाकटी भिंतीच्या पायऱ्या उतरून दाराच्या उंबरठ्यापर्यंत पोचली होती. ओहोटी अगदी तळाला जाते तेव्हाच तो थोडा वेळ उघडा पडतो. आता पाणी तिच्या घोट्यांना लागत होतं. तिने झडपेखाली हात घातला. लाकूड लाकडाला टेकायला हवं, तिथे तिच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं.

मऊ आणि ओलं, माणसाच्या दंडाएवढं.

तिच्या तोंडून किंकाळी फुटता फुटता राहिली. मग तिने दोरीच्या गाठी चाचपल्या, चाकूने कापल्या, आणि ओढलं. तो एक लांब लोड होता, शिडाच्या कापडाचा, काथ्या भरलेला, चौकटीच्या कडेकडेने नीट बांधलेला. त्याच्यावर शिंपल्यांची कोवळी पिल्लं धरली होती. म्हणजे हाही कालपरवाचा नव्हता. चांदी काळी पडायला लागली तेव्हाचा.

"झडप यावर टेकायची," ती वर बघून म्हणाली. "वरून बघितलं तर मिटलेली दिसायची. पण खाली, बाजूंनी, वीतभर फट. भरतीचं पाणी दोन्ही दारांनी आत येऊ लागलं आणि लांबच्या फाट्यापाशी एकमेकांसमोर येऊन थांबलं. फिरणं बंद झालं. जड, खारं पाणी तळाला बसून राहिलं. कुजलेल्या पानापाचोळ्याने त्यातला प्राणवायू खाऊन टाकला. वर सगळं ठीक, खाली मसण. काल जमिनीवरून सोसाट्याचा वारा आला ना, काका?"

"माझी छत्री गेली," कॅप्टन म्हणाले.

"छत्री उडाली आणि पाणी उलथलं. तळाचं काळं वर आलं. माशांना पळायला वाट नव्हती."

"पण हे बांधलं कुणी? शिडाचं कापड!" कॅप्टन गर्रकन रंगाऱ्याकडे वळले.

"मला टाका शिवता येत नाही हो," रंगारी म्हणाला, आणि बोलता बोलता गप्प झाला.

कारण धाकटीने लोड उलटा केला होता. शिवण बारीक होती, सरळ, आणि प्रत्येक टाक्याला उलट फिरवून मारलेली दुहेरी गाठ. तिच्या शाळेच्या दप्तराला हीच गाठ होती, दादाच्या शर्टाच्या बटणांनाही. जगात दुसऱ्या कुणाच्या हाताला ती येत नव्हती.

आता ती काय बोलणार होती? तात्यांना वाचवायचं तर एकच नाव घ्यायचं होतं, आणि ते नाव तिच्या जिभेवर पहिल्यांदा आलेलं नाव होतं.

तिला बोलावं लागलं नाही. मोकळी झालेली झडप भरतीने उचलली, एकदा हलवली. ठक. पुन्हा. ठक ठक. मग मागून सगळा समुद्र रेटला आणि धप्प!

भिंत हादरली. बगळे उडाले. माळी मटकन खाली बसला, कॅप्टनची टोपी पडली, काकूंनी रंगाऱ्याचा दंड धरला. सगळे दचकले.

फक्त तात्या दचकले नाहीत. ते कठड्याशी उभे होते, पाठमोरे, समुद्राकडे बघत, निवांत. उडणारे बगळे दिसले तेव्हा त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "काय झालं?"

धाकटीला चुलीशी उभी असलेली ती पाठ आठवली, आणि सकाळचं ते हसणं. खोटं बोलणारी पाठ नव्हती ती. तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

"तात्या," ती त्यांच्यासमोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "कधीपासून ऐकू येत नाही?"

तात्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे. त्यांचे खांदे उतरले. "थोडं थोडं गेलं गं. मला वाटलं, झडपा कुठे जातायत. वाजतच असतील. माणूस सांगतो का कुणाला? दारवानाचा कान गेला की खोली गेली."

तेवढ्यात मागे कडी वाजली.

दाराशेजारच्या घराचं दार उघडलं होतं. उंबऱ्यात आई उभी होती, एक हात गुडघ्यावर, धापा टाकत. ठोका ऐकून तिचे पाय तिला न विचारताच उठले होते. ती गर्दीकडे बघत नव्हती, गर्दीच्या पलीकडे बघत होती. मग तिला लेकीच्या हातातला लोड दिसला.

"माझा आहे तो," आई म्हणाली. "तात्यांना बोलू नका. मी बांधला."

"तुम्ही? तिथे खाली?" कॅप्टन.

"बसत बसत उतरले. चढायला किती वेळ लागला ते विचारू नका." ती चौकटीला टेकली. "तो गेला त्या संध्याकाळी दार वाजलं होतं. मी म्हटलं, झडपच आहे, हातातला टाका पुरा करू. झडप असेलही. पण तो असेल तर? म्हणून मग मी एकही ठोका सोडला नाही. इतकी वर्षं. आता गुडघे ऐकत नाहीत हो. मी उठेउठेपर्यंत ठोका थांबतो. पोर दारात ताटकळतंय आणि आई अर्ध्या वाटेत भिंत धरून उभी आहे. ते ऐकवेना. मारायचं नव्हतं मला काही. नुसतं गप्प करायचं होतं."

वाऱ्यावर फाट्याचा वास आला. आईने तो घेतला. "एवढे सगळे जीव," ती म्हणाली.

धाकटी पायऱ्या चढून आली आणि तिने आईला धरलं. आई हलकी झाली होती, वाळलेल्या शिंपल्यासारखी.

६

सभा तिथेच, भिंतीवर झाली. फाटा बुजवायचं कारण उरलं नव्हतं. पण कॅप्टन टोपी झटकत म्हणाले, "ते सगळं खरं. तरी बहिरा दारवान कसा चालेल? उद्या पुन्हा एखादं लाकूड अडकलं, तर कळणार कुणाला?"

तात्या त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी खोलीची किल्ली खिशातून काढायलाही सुरुवात केली.

"मला," आई म्हणाली. सगळे वळले. "या वसाहतीत त्या ठोक्याची माझ्याइतकी कुणाला सवय आहे? ठोका वाजला की मी खिडकीत पांढरं कापड हलवीन. तात्यांना तळ्यापलीकडून दिसेल. डोळे तर शाबूत आहेत ना तुमचे, तात्या?"

"डोळे घारीचे आहेत," तात्या म्हणाले.

"मग झालं. कापड दिसलं नाही, तर उतरा आणि बघा काय अडकलंय ते. जन्मभर मी फुकटच ऐकत होते. आता कामाला येईल."

कॅप्टननी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळे वटारले. किल्ली तात्यांच्या खिशात परत गेली.

मेलेले मासे काढायला सगळे फाट्यात उतरले, कॅप्टनसुद्धा. त्यांना मळमळलं, पण ते बाहेर आले नाहीत. आई काठावर बसून टोपल्या न मोजता रिकाम्या करत राहिली, आणि कुणी तिला उठ म्हणालं नाही.

मग समुद्र त्याच्या कामाला लागला. रोज येणाऱ्या दाराने यायचा, घराघरांच्या मागच्या पायऱ्यांना शिवायचा, तळाचं काळं थोडं थोडं उचलून जाणाऱ्या दाराने घेऊन जायचा. धाकटी रजा घेऊन थांबली होती. तळाची बाटली रोज फिकी होत वर येत होती. काकूंची फुलदाणी घासली ती लख्खच राहिली. आणि एके दिवशी माळी धावत सांगत आला की फाट्यात काहीतरी हललं, सुईएवढं, पण जिवंत.

भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते. सरकत सरकत ती दिवेलागणीला आली. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर शिडाच्या कापडाचा पांढरा तुकडा. धाकटी दाराच्या उंबऱ्यात बसली होती. तळ्यापलीकडे तात्यांच्या खिडकीत दिवा होता आणि दिव्यापुढे त्यांची सावली, वाट बघणारी.

"दार लावू का गं? गार वारं येतंय."

"नको," आई म्हणाली. "उघडंच राहू दे. मी आता लावतच नाही. दार उघडं असलं की मला उठावं लागत नाही, आणि त्याला थांबावं लागत नाही."

पाणी वळलं. भिंतीच्या पायाशी पहिली लाट आली, दुसरी आली.

ठक.

आईने डोळे मिटले.

ठक, ठक ठक. आणि मग धप्प, तळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईने कापड उचललं आणि हलवलं. पलीकडे तात्यांचा हात वर गेला. मग आई दाराकडे तोंड करून, रोजच्या आवाजात, जेवायला हाक मारावी तशी म्हणाली, "उघडंच आहे रे."

समुद्राकडून वाऱ्याची एक झुळूक आली, ओली, खारट, स्वच्छ. दिव्याची ज्योत आतल्या बाजूला कलली.

धाकटीला सगळं ठाऊक होतं, झडप, भरती, प्राणवायू, सगळं. तरी तिने उंबऱ्यावर पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले, आत येणाऱ्याला वाट व्हावी म्हणून.